परमुलखातली माणसे, परमुलखातला गहू



कॅनडा म्हटले की गव्हाचे मोठे कोठार आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु हे कोठार तेथे पूर्वापार नव्हते. ते भरणारे शेतकरी बाहेरून आले, आणि त्यांनी पेरलेला गहूही बाहेरूनच आला. या दोन पाहुण्यांची गाठ कशी पडली, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रेअरी म्हणजे झाडझाडोरा फारसा नसलेले, क्षितिजापर्यंत पसरलेले गवताळ मैदान. कॅनडातील मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या प्रांतांच्या दक्षिण भागात ते आहे. १८७२ च्या कायद्याने सरकारने अवघी १० डॉलर फी घेऊन १६० एकर जमीन देऊ केली. अट अशी की, घेणाऱ्याने तेथे तीन वर्षे राहावे, घर बांधावे आणि काही जमीन लागवडीखाली आणावी. १८८५ साली रेल्वे एका महासागरापासून दुसऱ्या महासागरापर्यंत पोहोचली. १८९६ मध्ये क्लिफर्ड सिफ्टन मंत्री झाले आणि त्यांनी पूर्व युरोपातील कुणब्यांना बोलावणे धाडले. गॅलिशिया व बुकोविना या भागांत वाटण्या होऊन होऊन जमिनीचे तुकडे पडले होते. तेथील युक्रेनी शेतकऱ्याला १६० एकर हा आकडा स्वप्नासारखाच वाटला असेल! १९१४ पर्यंत असे सुमारे १,७०,००० लोक कॅनडात आले.

परंतु ही जमीन खरोखरच मोकळी होती काय? नव्हती. क्री, ब्लॅकफूट इत्यादी जमाती तेथे पिढ्यान्पिढ्या रानगव्यांच्या शिकारीवर जगत होत्या. अनिर्बंध शिकारीने गव्यांचे कळप संपले, उपासमार आली, आणि १८७१ ते १८७७ या काळात झालेल्या सात करारांनंतर या लोकांना राखीव जागांत जावे लागले. पाहुण्यांच्या कष्टांचे कौतुक करताना यजमानांचे हे दुःख विसरणे न्यायाचे होणार नाही.

कष्ट मात्र अपार होते. लाकूड नाही, म्हणून कित्येकांनी गवताच्या मुळांसकट मातीच्या लाद्या कापल्या आणि त्यांचीच घरे रचली. खरा शत्रू होता तो हिमतुषार. वसंतात पेरलेला गहू शरदाच्या आरंभी पिकण्यापूर्वीच गारठला, तर वर्षाची कमाई एका रात्रीत जाई. तेथे रूढ असलेला ‘रेड फाइफ’ गहू पिठाला उत्तम, परंतु पिकायला उशीर लावणारा. त्याचे मूळही गॅलिशियाकडचेच.

उपाय निघाला तो सरकारी प्रयोगशेतांवर. १८९२ साली रेड फाइफचा संकर ‘हार्ड रेड कलकत्ता’ या लवकर पिकणाऱ्या हिंदी गव्हाशी करण्यात आला. पुढे चार्ल्स साँडर्स यांनी त्या संततीतून एकेक कणीस निवडले. दाणे स्वतः चावून पाहावेत, चिकटपणा किती हे दातांनीच ठरवावे, अशी त्यांची रीत होती! त्यातून ‘मार्क्विस’ हे वाण सिद्ध झाले. रेड फाइफहून ते सुमारे आठवडाभर आधी पिके. आठवडा म्हणजे किती, असे आपण म्हणू. पण तेवढ्यातच घर तरते की बुडते हे ठरत असे. १९०९ पासून हे बियाणे शेतकऱ्यांना मिळू लागले आणि दहा-बारा वर्षांत प्रेअरीवर जिकडे तिकडे तेच झाले.

या गव्हाची आई हिंदुस्थानची, बाप गॅलिशियाचा, आणि जन्म कॅनडाचा. पुढे १९५० नंतरच्या दशकात कॅनडाने कोलंबो योजनेखाली भारताला गहू दिला. त्याच्या विक्रीचा पैसा मयूराक्षी नदीवरील मसानजोर धरणाला लागला, म्हणून त्या धरणाला ‘कॅनडा धरण’ असेही म्हणतात. कलकत्त्याच्या नावाचा दाणा परदेशी रुजला, आणि त्या शेतांचे धान्य बंगालच्या शेतांना पाणी देऊन गेले. धान्याला देशाच्या सीमा नसतात. जमिनीला मात्र आधीचा कोणी धनी असतो. प्रेअरीची कथा ऐकताना या दोन्ही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात, एवढीच विनंती.