गाडीचा मुक्काम कुठे? परळी–बीड–अहिल्यानगर लोहमार्ग आणि त्याचे वेळापत्रक

परळी वैजनाथ हे मराठवाड्यातील जुने रेल्वे जंक्शन. निजामाच्या राजवटीत विकाराबादहून बीदर, उदगीरमार्गे निघालेला लोहमार्ग येथवर आला आणि परभणीची वाटही येथेच येऊन मिळाली. मात्र ज्या जिल्ह्यात हे जंक्शन आहे त्या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाला, म्हणजे बीडला, विसावे शतक सरले तरी आगगाडी दिसली नाही. परळीच्या औष्णिक केंद्राचा कोळसा रेल्वेने येत राहिला, वैद्यनाथाचे यात्रेकरू रेल्वेने येत राहिले, पण परळीकराला जिल्हाधिकारी कार्यालयात जायचे असेल तर एसटीवाचून गत्यंतर नव्हते.

ही उणीव भरून काढणारा अहमदनगर (आताचे अहिल्यानगर)–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा एकेरी ब्रॉडगेज मार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला. तेव्हा ३५३ कोटी रुपयांचा असलेला अंदाज पुढे ४,८०५ कोटींवर गेला. दरम्यान राज्य शासनाने निम्मा वाटा उचलण्याचे मान्य केल्याने कामाला गती आली, तरी अहमदनगर–आष्टी हा ६६ किलोमीटरचा टप्पा प्रवाशांसाठी खुला व्हायला २३ सप्टेंबर २०२२ उजाडले आणि बीडला पहिली गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, लागली. असा प्रत्येक टप्पा खुला करण्यापूर्वी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी आवश्यक असते. हे अधिकारी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, हे ऐकायला विचित्र वाटले तरी तपासणाऱ्याने बांधणाऱ्याच्या हाताखाली नसावे, हे तत्त्व रास्तच आहे.

मार्ग तयार होणे आणि तो रोजच्या प्रवाशाच्या कामी येणे यांत मोठे अंतर असते आणि ते अंतर वेळापत्रकाने ठरते. बीडच्या सेवेसाठी डेमू, म्हणजे दोन्ही टोकांना चालक-कक्ष असल्याने इंजिन फिरवण्याची गरज नसलेली डिझेल गाडी, नेमण्यात आली. प्रारंभीच्या वेळापत्रकानुसार ती रविवार वगळता रोज सकाळी ६.५५ ला अहिल्यानगरहून निघून १२.३० ला बीडला पोहोचणार आणि दुपारी १ ला परत फिरून सायंकाळी ६.३० ला अहिल्यानगरला येणार, असे ठरले. १६८ किलोमीटरला साडेपाच तास, म्हणजे सरासरी वेग ताशी जेमतेम तीस किलोमीटर. नव्या मार्गावर प्रारंभी वेग बेताचा ठेवतात, हे खरे. पण अडचण केवळ वेगाची नाही. कार्यालये उघडून दोन-अडीच तास झाल्यावर बीडला येणारी आणि ती सुटण्याच्या कितीतरी आधी निघून जाणारी गाडी नोकरदाराच्या उपयोगाची नसते, आणि बीडहून अहिल्यानगरला गेलेल्या माणसाला त्याच दिवशी परतता येत नाही.

याचे कारण रेकच्या, म्हणजे एकत्र धावणाऱ्या डब्यांच्या संचाच्या, मुक्कामात आहे. एसटीची मुक्कामी गाडी रात्री गावात थांबते म्हणून पहाटे त्या गावाच्या कामी येते. रेक मात्र रात्री अहिल्यानगरला असल्याने पहाटेची फेरी तिथूनच निघते. सरासरी वेग ताशी साठवर गेला तर हेच अंतर पावणेतीन-तीन तासांत कापता येईल आणि एकच रेक दिवसात दोन परतीच्या फेऱ्या करू शकेल. तोवर दुसरी रेक हवी. ती समोरून आली की एकेरी मार्गावर एका गाडीला मधल्या स्थानकात थांबून दुसरीला वाट द्यावी लागते, ज्याला क्रॉसिंग म्हणतात, आणि अशा स्थानकांतील अंतरावरच मार्गाची क्षमता अवलंबून असते.

बीड–परळी हा उरलेला सुमारे ९३ किलोमीटरचा टप्पा या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, कारण वडवणी, सिरसाळा, परळी या भागांतील लोकांचा बीडशी संबंध रोजचा आहे. आजच्या वेगाने या प्रवासाला तीन तासांहून अधिक वेळ लागेल. सरासरी पन्नासचा वेग साधला तर दोन तासांच्या आत काम होईल आणि पावणेआठला परळीहून निघालेला कर्मचारी दहाच्या आत बीडला हजर होईल. अर्थात परळी स्थानक दक्षिण मध्य रेल्वेचे आणि नवा मार्ग मध्य रेल्वेचा असल्याने लातूर, परभणीच्या गाड्यांशी मेळ घालायला दोन विभागीय रेल्वेंची संमती लागेल, आणि अशा संमतीला रूळ टाकण्याइतका नसला तरी बराच काळ लागतो.

म्हणूनच एका रेकचा रात्रीचा मुक्काम परळीत असावा, पाणी भरण्याची व डबे स्वच्छ करण्याची सोय तेथे व्हावी आणि पहिली गाडी सकाळी बीडकडे सुटावी, ही मागणी लोकप्रतिनिधींनी व प्रवाशांनी या टप्प्याच्या उद्घाटनाची तारीख ठरण्याआधीच रेल्वेकडे लेखी नोंदवायला हवी.