निद्रावस्थेनंतर लॅपटॉपचे वायरलेस खंडित होणे : लिनक्स प्रणालीतील कारणे व उपाय

प्रस्तावना :
लॅपटॉपचे झाकण मिटले की संगणक निद्रावस्थेत जातो व झाकण उघडताच काम जेथे थांबले होते तेथूनच सुरू होते, ही सोय आता गृहीत धरली जाते. लिनक्स वापरणाऱ्यांना मात्र कित्येकदा निराळा अनुभव येतो. पडदा उजळतो, उघड्या फाइली जशाच्या तशा दिसतात. पण वायरलेस जोडणी परत येत नाही. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की ती येते आणि बरेच वापरकर्ते तेथेच थांबतात. परंतु दर वेळी हेच करावे लागणार असेल तर निद्रावस्थेचे प्रयोजनच उरत नाही, शिवाय दोष कोठे आहे हेही कळत नाही.

विषय विवेचन :
इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी १९९६ मध्ये एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले. त्यातील एस-३ अवस्थेत मुख्यतः रॅमला वीज मिळत राहते. प्रोसेसर व बहुतेक उपकरणे बंद होतात. वायरलेस कार्डावर स्वतःचा एक लहान प्रोसेसर असतो. त्याला लागणारे फर्मवेअर अनेक कार्डांमध्ये कायमस्वरूपी साठवलेले नसते. ड्रायव्हर ते दर वेळी कार्डात भरतो. वीज गेली की ते पुसले जाते. म्हणून जाग आल्यावर कार्डाला पूर्वस्थितीत आणण्याची सर्व जबाबदारी ड्रायव्हरवर येते. त्यातील एखादी पायरी चुकली तर कार्ड जागेवर असते, पण मुके राहते.

याला थोडी पार्श्वभूमी आहे. काही उत्पादकांनी कार्डांची तांत्रिक माहिती दीर्घकाळ खुली केली नव्हती. ब्रॉडकॉमच्या कार्डांसाठीचा बी-४३ हा ड्रायव्हर उलट अभियांत्रिकीने सिद्ध झाला व २००८ च्या जानेवारीत आलेल्या २.६.२४ या कर्नलमध्ये समाविष्ट झाला. तोपर्यंत अनेकांना एनडिसरॅपरच्या आधाराने विंडोजचेच ड्रायव्हर वापरावे लागत.

दोषाचा शोध खालून वर घ्यावा. ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेच्या यादीत कार्डच नसेल तर प्रश्न विजेचा, बसचा किंवा बायोसचा असू शकतो. तेथे जोडणीच्या मांडणीत फेरफार करून काही साधत नाही. कार्ड दिसत असेल तर ‘डीमेसेज’मधील नोंदी वाचाव्यात, फर्मवेअर भरले न गेल्याचा उल्लेख तेथेच सापडतो. ‘आरएफकिल’ने रेडिओ अडवला गेला आहे का, तेही पाहावे. हे सर्व ठीक असूनही जोडणी नसेल तर नेटवर्कमॅनेजरकडे वळावे. निद्रेची व जागृतीची सूचना त्याला लॉगिनडी या सेवेकडून मिळते. जागृतीची सूचना हुकली तर तो स्वतःला निद्रिस्तच समजतो. अशा वेळी ती एक सेवा पुन्हा सुरू करणे पुरते. ड्रायव्हर नव्याने बसविण्याचा खटाटोप येथे व्यर्थ होय.

ड्रायव्हरच अडला असेल तर ‘मॉडप्रोब’ने त्याचे मॉड्यूल काढून पुन्हा चढवावे. एवढ्याने जोडणी परतली तर निद्रेपूर्वी मॉड्यूल काढण्याचे व नंतर चढवण्याचे काम छोट्या स्क्रिप्टवर सोपवता येते. ही स्क्रिप्ट ठेवण्याची जागा मात्र बदलली आहे. पूर्वी हे काम पीएम-युटिल्सकडे होते. उबुंटूने २०१५ च्या एप्रिलमधील १५.०४ आवृत्तीपासून सिस्टिमडी स्वीकारले. जुन्या निर्देशिकेत ठेवलेली स्क्रिप्ट सिस्टिमडी वाचतच नाही. त्यामुळे जुन्या सूचना तंतोतंत पाळूनही यश न आल्यास दोष बहुधा उपायाचा नसतो, जागेचा असतो. आता ती सिस्टिमडीच्या ‘सिस्टिम-स्लीप’ निर्देशिकेत, कार्यान्वित करण्याच्या परवानगीसह, ठेवावी लागते. निद्रेपूर्वी तिला ‘प्री’ व जागृतीनंतर ‘पोस्ट’ हा शब्द दिला जातो आणि त्यावरून ती आपले काम ठरवते.

हा उपाय लक्षणावरचा आहे. ड्रायव्हरमधील मूळ चूक तशीच राहते, किंबहुना झाकली जाते. म्हणून डीमेसेजमधील नोंदी, कर्नलची आवृत्ती व कार्डाचा क्रमांक यांसह ती ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांना कळवावी आणि कर्नल अद्ययावत झाल्यावर स्क्रिप्ट बाजूला काढून एकदा चाचणी घ्यावी.