आमची केस कुणाकडं?

आक्का ओसरीवर टेकल्या आणि पिशवीतून एफआयआरची प्रत काढली. बांधावरच्या मारामारीत लेकाचं डोकं फुटलं होतं. "तात्या, समोरचं लोक पैशावालं. जज्जसाहेब त्यांच्याच वळखीचं मिळालं तर?"

कोर्टात मी तीस वर्षं फौजदारी कारकुनी केली. सगळ्यात जास्त वेळा ऐकला तो हाच प्रश्न, आणि त्यातली भीती खरी असते.

आक्कांना म्हटलं, फिर्यादी किंवा आरोपी साहेब निवडत नाही. आमच्या औंध पोलीस ठाण्याचं दोषारोपपत्र वडूजच्या कोर्टात जातं. एका ठिकाणी दोन-तीन न्यायदंडाधिकारी असले, की कोणत्या ठाण्याचं काम कुणाकडं याचा वाटपाचा आदेश आधीच निघालेला असतो. पहिली काठी उगारण्याआधीच कोर्ट ठरलेलं! खुनासारखा खटला सत्र न्यायालयाकडं पाठवला जातो, म्हणजे कमिट होतो. तिथं कोणत्या अतिरिक्त सत्र न्यायाधीशानं तो चालवायचा, हे सत्र न्यायाधीश आदेशानं ठरवतात.

एके काळी आमच्या औंधला न्याय अगदी दाराशी आला होता. १९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं ७२ गावांच्या संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती दिला. गावानं पाच पंच निवडायचे आणि न्यायनिवाड्याचं कामही पंचायतीकडं. मला त्याचा अभिमान आहे. गावासमोर खोटं बोलायला जीभ अडखळते. पण पंच भावकीतलाच निघाला, तर दुबळ्यानं कुणाकडं बघायचं? म्हणून मला आधीच लिहून ठेवलेलं वाटप मोलाचं वाटतं.

वरही हाच प्रश्न. १२ जानेवारी २०१८ला सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी पत्रकार परिषद घेतली, ती खटले कोणत्या पीठाकडं जातात यावरूनच. पुढच्याच महिन्यात विषयवार वाटप जाहीर झालं. वाटपाचा अधिकार मात्र सरन्यायाधीशांचाच राहिला. माझ्या मते तोही नियमानं आणखी बांधायला हवा.

"मग साहेब बदलून मागता येतो का?" आक्कांनी विचारलं.

येतो. सत्र न्यायाधीशांकडं अर्ज करायचा, जिल्ह्याबाहेर न्यायचा असेल तर उच्च न्यायालयात. पण नुसत्या संशयावर नाही. भीतीला आधार दाखवावा लागतो. आणि सत्र न्यायाधीशांनी खटला एका कोर्टातून काढून दुसरीकडं दिला, तर त्याचं कारण त्यांना लिहावं लागतं. न्यायाधीशाचा स्वतःचा संबंध असेल, तर वरच्या कोर्टाच्या परवानगीशिवाय त्यानं तो खटला चालवायचा नाही.

आक्कांनी प्रत घडी घालून पिशवीत ठेवली. "मग तारखेला जाते," म्हणाल्या. मी त्यांना वडूजच्या एसटीची वेळ सांगितली.