पार्क आणि त्याचा कट्टा

शिवाजी पार्कचं मूळ शोधायला गेलं, तर आपण पोचतो मुंबईतल्या १८९६च्या प्लेगपाशी. दाटीवाटीच्या चाळींत रोग फोफावला, माणसं शहर सोडून निघाली, आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. अरुंद गल्ल्या फोडून उजेड-वारा आत घ्यायचा आणि उत्तरेकडे नवी, मोकळी वस्ती वसवायची, हे त्याचं काम. दादर-माटुंग्याचा आजचा चेहरा त्या विचारातून घडला. त्यातच हे मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तेव्हा ते माहीम पार्क होतं.

१९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. गांधीजींचं मराठीतलं पहिलं चरित्र लिहिणाऱ्या त्या याच अवंतिकाबाई. महाराजांचं जन्मवर्ष तेव्हा १६२७ धरत, म्हणून ते त्रिशताब्दीचं वर्ष होतं. पुढे इतिहासकारांनी तिथी बदलली, नाव मात्र पक्कं झालं. इथे रोज येणाऱ्या किती जणांना अवंतिकाबाई ठाऊक असतील? त्यांची आठवण या परिसरात ठळकपणे असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मैदान साधारण अठ्ठावीस एकरांचं. भोवती सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर लांबीचा, बसता येईल इतक्या उंचीचा कट्टा, त्यावर झाडांची सावली, आणि पलीकडे तीस-चाळीसच्या दशकांतल्या बैठ्या बांध्याच्या इमारती. माझ्या मते पार्काचा प्राण या कट्ट्यात आहे. तिथे बसायला तिकीट लागत नाही, काही विकत घ्यावं लागत नाही, उठा म्हणायलाही कुणी येत नाही. सकाळी फेऱ्या मारून दमलेले आजोबा, दुपारी डबा खाणारे, संध्याकाळी कॉलेजची पोरं, रात्री जेवण उरकून आलेल्या मैत्रिणी, असा दिवसभर माणसांचा पाळीपाळीने राबता असतो. ज्या शहरात दोघांना निवांत बोलायला जागा मिळत नाही, तिथे ही फार मोठी गोष्ट आहे.

आत क्रिकेट. सुट्टीच्या दिवशी इथे इतके सामने लागतात की एका सामन्याचा डीप मिडविकेट दुसऱ्याच्या कव्हर्सशेजारी उभा असतो. चेंडू भलत्याच पिचवर गेला की तिथला खेळाडू न बघता परत फेकतो आणि पुन्हा वाकून उभा राहतो. अशा गर्दीत नजर आणि कान आपोआप तयार होतात. रमाकांत आचरेकर सरांनी सचिनला घडवलं ते याच मैदानावर. यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवायचं; सचिन नाबाद राहिला तर ते त्याचं. एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर त्याला स्कूटरवरून न्यायचं, म्हणजे दिवसाकाठी जास्त डाव खेळायला मिळतील. २०१९ मध्ये सर गेले. डिसेंबर २०२४ मध्ये गेट क्रमांक पाचजवळ त्यांचं स्मारक झालं. जवळच समर्थ व्यायाम मंदिरात पोरं-पोरी अंगाला माती लागू देत मल्लखांबावर चढतात. त्यांच्याकडे कॅमेरे कमी वळतात, पण मेहनत तसूभरही कमी नाही.

सभांचा इतिहास तर महाराष्ट्राचाच इतिहास. ९ ऑगस्ट १९४२ला गांधीजींना पहाटे अटक झाली, तेव्हा संध्याकाळी इथल्या सभेत बोलायला कस्तुरबा निघाल्या. त्यांनाही पोलिसांनी पकडलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अत्र्यांच्या सभा इथे गाजल्या. १९६६ मध्ये शिवसेनेचा पहिला मेळावा इथेच भरला. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचे आणि २०२२ मध्ये लता मंगेशकर यांचे अंत्यसंस्कारही इथेच झाले. सभांच्या गर्दीचा आवाज घराघरांत पोचतो, म्हणून रहिवासी कोर्टात गेले आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाने परिसर शांतता क्षेत्र ठरवला. मला दोन्ही बाजू समजतात. मात्र मंडप उतरल्यावर खड्डे तसेच राहिले, तर त्याची किंमत सोमवारी सकाळी सरावाला येणारी मुलं मोजतात.

सध्याचं दुखणं धुळीचं आहे. मैदानावर लाल माती टाकली, ती उन्हाळा-हिवाळ्यात वाऱ्याबरोबर उडून आसपासच्या घरांत आणि शाळांत शिरते. पाणी मारून झालं, गवत लावून झालं, माती काढण्यावरून वाद झाले. उपाय पिचचे जाणकार आणि मृदातज्ज्ञ यांना एकत्र बसवूनच निघेल. तो निघेपर्यंत एक पथ्य पाळायला हवं: धूळ बसवण्याच्या निमित्ताने मैदानावर फरशी, काँक्रीट किंवा आणखी एखादं बांधकाम येता कामा नये.