किनारपट्टीवरील शांत संगणकासाठी बाह्य जलशीतन संच : रेवदंडा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

कुंडलिका नदी जेथे अरबी समुद्रास मिळते, तेथे एका काठावर रेवदंडा आणि समोरच्या काठावर कोर्लई ही गावे वसली आहेत. इ. स. १७४० मध्ये पोर्तुगीजांची या भागातील सत्ता संपली. परंतु कोर्लईतील ख्रिस्ती समाजाने पोर्तुगीज व मराठी यांच्या संपर्कातून घडलेली आपली बोली आजतागायत जपली आहे. बोलणारे तिला 'नॉ लिंग', म्हणजे 'आमची भाषा', असे म्हणतात. तिच्या भाषकांची संख्या फार थोडी आहे. अशा बोलीचे ध्वनिमुद्रण करणे, ते वारंवार ऐकून लिप्यंतर करणे व त्याचे ध्वनिविश्लेषण करणे हे भाषा-अभ्यासकाचे काम असते. या कामात जवळच्या संगणकाच्या पंख्याची अखंड घरघर हा वाटतो त्यापेक्षा मोठा अडथळा ठरतो. 'स', 'श', 'फ' यांसारख्या घर्षक ध्वनींची ऊर्जा कमी व विस्तृत कंप्रतापट्ट्यात विखुरलेली असते. पंख्याच्या आवाजात तेच प्रथम बुडतात. पुढे संगणकीय प्रणालीने हा आवाज गाळावयाचा म्हटल्यास त्यासोबत उच्चाराचाही काही अंश गाळला जातो. म्हणून आवाज मुळातच निर्माण होऊ न देणे हा उत्तम मार्ग होय. त्या दृष्टीने घरच्या घरी बांधता येणाऱ्या बाह्य जलशीतन संचाचे तत्त्व, आकडेमोड व बांधणी यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उष्णता आणि आवाज

संगणकाने घेतलेली जवळजवळ सर्व विद्युत ऊर्जा अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. १९९३ मधील पहिला पेन्टियम प्रोसेसर सुमारे १५ वॅट उष्णता निर्माण करीत असे. २००४ च्या सुमारास पेन्टियम ४ ने १०० वॅटची मर्यादा ओलांडली, तर २०२३ मधील काही उच्चक्षमतेचे प्रोसेसर पूर्ण भारावर २५० वॅटपर्यंत जातात. ही उष्णता हवेने वाहून न्यावयाची तर पंखा वेगाने फिरवावा लागतो. पंख्याची ध्वनिशक्ती त्याच्या फिरण्याच्या वेगाच्या साधारण पाचव्या घाताच्या प्रमाणात बदलते. म्हणजेच वेग निम्मा केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. तथापि वेग निम्मा केल्यास हवाही निम्मीच वाहते व तापमान चढते.

ही कोंडी पाण्याने सुटते. एक घनमीटर हवेचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढविण्यास सुमारे १.२ किलोज्यूल उष्णता लागते, तर तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यास सुमारे ४,१८० किलोज्यूल. समान आकारमानात पाणी हवेच्या साधारण ३,५०० पट उष्णता वाहून नेते. मिनिटास केवळ ३ लिटर पाणी फिरविले तरी २०० वॅट उष्णता वाहून नेताना त्याचे तापमान जेमतेम १ अंशाने वाढते.

जलशीतनाची पार्श्वभूमी

ही कल्पना नवी नाही. १९८० च्या दशकातील आय.बी.एम.च्या ३०८१ या मेनफ्रेम यंत्रात पाण्याचे शीतन होते. १९८५ मधील क्रे-२ महासंगणकाचे विद्युतभाग विद्युतरोधक द्रवात बुडविलेले असत. महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर संस्थेत कार्यान्वित झालेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकात पाण्यावर आधारित प्रत्यक्ष संपर्क द्रवशीतन वापरण्यात आले. घरगुती संगणकासाठी शतकाच्या आरंभी कोरियातील झालमन कंपनीने 'रेझरेटर' नावाचा सुमारे ६० सें.मी. उंचीचा, पंखारहित बाह्य शीतनस्तंभ बाजारात आणला होता. अनेक हौशी तंत्रज्ञांनी जुन्या मोटारींचे तांब्या-पितळेचे रेडिएटर वापरून असेच संच बांधले.

शीतनाचा भाग खोलीबाहेर ठेवण्यामागील विचार या परिसरास परिचित आहे. मुंबईत विजेच्या ट्राम सुरू होणार म्हणून कुलाबा वेधशाळेचे भूचुंबकीय वेध अलिबागला हलविण्यात आले व १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेतल्या गेल्या. व्यत्यय आणि नाजूक नोंद यांना परस्परांपासून दूर ठेवणे, हेच ते तत्त्व. तेथे नोंदीची जागा बदलली. येथे व्यत्ययाची जागा बदलावयाची आहे.

संचाची रचना

प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवावयाचा, त्यातून पाणी खेळवावयाचे व ते नळ्यांवाटे पडवीत नेऊन थंड करून परत आणावयाचे, एवढीच मूळ रचना आहे. पडवीत रेडिएटर व पंखा ठेवता येतो. परंतु खारी हवा पंख्याचे बेअरिंग व अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्या लवकर खाते. त्यापेक्षा २०० लिटरचे प्लास्टिकचे पिंप अधिक सोयीचे. पिंपाच्या तळाशी १२ मि.मी. व्यासाच्या मऊ तांब्याच्या नळीचे ५ ते ६ मीटर लांबीचे वेटोळे ठेवावे. ही नळी वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांकडे मिळते. संगणकातील शुद्ध पाणी या वेटोळ्यातून फिरते. पिंपातील पाण्याशी ते मिसळत नाही.

पिंपाची आकडेमोड अशी. २० लिटरची बादली वापरल्यास २०० वॅट उष्णतेने तिचे पाणी दर ७ मिनिटांस १ अंशाने, म्हणजे तासाला सुमारे साडेआठ अंशांनी तापेल. २०० लिटरच्या पिंपात हीच वाढ तासाला एका अंशाहूनही कमी असते. पिंपाचा बाह्य पृष्ठभाग सुमारे २ चौ.मी. धरला व त्यावरून दर चौ.मी.ला, दर अंशास १० वॅट उष्णता हवेत जाते असे मानले, तर आठ तासांच्या कामानंतर पाणी हवेपेक्षा सुमारे ५ अंशांनी उष्ण होईल आणि रात्रभरात पुष्कळसे निवेल. संच अखंड चालविला तरी ही वाढ सुमारे १० अंशांवर स्थिरावेल. पंखा न लावता हे साधते. शिवाय उष्णता खोलीबाहेर जाते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी खिडक्या मिटून छताचा पंखा बंद ठेवावा लागत असल्याने हा लाभ गौण नाही.

किनारी हवामानातील दक्षता

रेवदंडा-चौल परिसर नारळी-पोफळीच्या वाड्यांचा असून वाडी तेथे विहीर आहे. साहजिकच विहिरीचे थंड पाणी थेट संगणकातून खेळवावे, असा विचार मनात येतो. तो धोक्याचा आहे. भूजलाचे तापमान सामान्यतः त्या स्थळाच्या वार्षिक सरासरी तापमानाजवळ असते. या किनाऱ्यावर ते २६ ते २७ अंश धरता येईल. पावसाळ्यात हवेचे तापमान ३० अंश व सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २८ अंशांवर येतो. त्याहून थंड असलेल्या नळीवर बाहेरून दव जमते आणि ते थेंब विद्युतपट्टीवर गळू शकतात. थंड पाण्याच्या तांब्यास बाहेरून पाझर फुटलेला दिसतो, तोच हा प्रकार. म्हणून पिंप विहिरीच्या पाण्याने भरल्यास ते किमान एक दिवस तसेच राहू द्यावे व हवेच्या तापमानास आल्यावरच संच सुरू करावा. पाणी हवेपेक्षा थंड नसेल तर दव जमण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

याच आर्द्रतेमुळे कूलरप्रमाणे बाष्पीभवनाने शीतन करण्याचा मार्ग विदर्भात जेवढा उपयोगी, तेवढा येथे ठरत नाही. पिंपावर घट्ट झाकण असावे, अन्यथा त्यात डासांची पैदास होईल.

बांधणीचा क्रम

१. बंद मंडलात केवळ तांबे व पितळ वापरावे. त्यात अॅल्युमिनियम आल्यास दोन धातूंमधील विद्युत-रासायनिक क्रियेने ते झिजते.

२. मंडलात बॅटरीसाठी मिळणारे ऊर्ध्वपातित पाणी व त्यात गंजरोधक असलेले मोटारीचे कूलंट घालावे. नळ्या अपारदर्शक असाव्यात. प्रकाश न मिळाल्यास शेवाळ धरत नाही.

३. पंप १२ व्होल्टचा असावा. २३० व्होल्टचा बुडता पंप स्वस्त असला तरी पाणी व वीज यांची जवळीक टाळणे श्रेयस्कर. तसा पंप वापरावाच लागला तर योग्य अर्थिंग व ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच अनिवार्य समजावा.

४. पंप पडवीत फोमच्या जाड तुकड्यावर ठेवावा. भिंतीतील छिद्रास बाहेरच्या बाजूस उतार द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी आत येणार नाही.

५. भरलेल्या पिंपाचे वजन २०० किलोहून अधिक असते. ते पक्क्या जमिनीवरच ठेवावे.

६. संगणकास वीज न देता केवळ पंप २४ तास चालवावा व प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कागद अंथरावा. ओला कागद गळतीची जागा दाखवितो.

मर्यादा व निष्कर्ष

जलशीतनाने संगणक पूर्णतः निःशब्द होत नाही. वीजपुरवठा संचाचा पंखा व फिरती हार्ड डिस्क यांचा आवाज उरतो. डिस्कच्या जागी घनस्थिती स्मृतिसंच वापरता येतो. मुख्य विद्युतपट्टीवरील इतर भागांसाठी मंद गतीचा एक मोठा पंखा ठेवावाच लागतो. पंप बंद पडल्यास आधुनिक प्रोसेसर प्रथम वेग कमी करतो व तरीही तापमान वाढत राहिल्यास स्वतःहून थांबतो. तरीसुद्धा पाण्याच्या तापमानावर लक्ष ठेवणे इष्ट. गावात जाऊन मुद्रण करावयाचे असल्यास हातात मावणारे ध्वनिमुद्रक यंत्रच पुरेसे आहे, त्यासाठी हा खटाटोप नको. मुद्रित सामग्रीवर महिनोन्महिने काम होणाऱ्या महाविद्यालयीन कक्षातच हा संच सार्थ ठरतो.

या संचास लागणारे साहित्य तालुक्याच्या बाजारात मिळण्याजोगे आहे आणि त्यामागील भौतिकशास्त्र पदवीच्या वर्गात शिकविले जाते. भौतिकशास्त्र व भाषा या दोन विभागांनी तो मिळून बांधला, तर विद्यार्थ्यांना उष्णतावहनाचा प्रत्यक्ष धडा मिळेल आणि खाडीपलीकडच्या बोलीतील क्षीण ध्वनीही स्पष्ट ऐकू येतील. बोलणारी माणसे मोजकी उरली असताना मुद्रणातून निसटलेला उच्चार पुन्हा मिळेलच, याची शाश्वती नसते.