जुन्या सर्व्हरवर मराठी पानें

नाशिकचें सार्वजनिक वाचनालय १८४० सालीं स्थापन झालें, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. कोणत्याहि जुन्या वाचनालयाची रीत डोळ्यांपुढें आणावी. वाचक खिडकीशीं येतो, पुस्तकाचें नांव लिहिलेली चिठ्ठी आंत देतो. आंतील मनुष्य कपाटाकडे जातो, पुस्तक आणून देतो व नोंदवहींत एक ओळ लिहितो. पुस्तक नसल्यास तसें सांगतो, देण्यास मनाई असल्यास तेंहि सांगतो. वेब सर्व्हर ज्यास म्हणतात तो याहून निराळें असें फारसें कांहीं करीत नाहीं. वाचकाच्या संगणकावरील ब्राउझर चिठ्ठी धाडतो, सर्व्हर आपल्या ठराविक फोल्डरांतून पान काढून देतो. आणि ४०४ हा जो आंकडा आपण पुष्कळदां पाहतों, तो म्हणजे 'पुस्तक कपाटांत नाहीं' हेंच उत्तर होय.

असा एक सर्व्हर, आणि तोहि जुना, यंदा आम्हीं आमच्या संगणकांच्या खोलींत बसविला. त्याचें निमित्त असें झालें. एका कपाटाच्या तळाशीं एक सीडी सांपडली. तींत २००१ च्या सुमारास विद्यार्थ्यांनीं तयार केलेलीं शाळेचीं मराठी पानें होतीं: निबंध, कविता, सहलींचीं वर्णनें. त्या वर्षांचे छापील अंक आमच्याजवळ उरलेले नाहींत. म्हणजे हें लिखाण कोठें असेल तर या एका तबकडीवरच. तीं पानें ज्या सर्व्हरवर चालत, त्याच्या मांडणीची फाईलहि सोबत होती. ती अपाचीच्या १.३ या मालिकेची निघाली. त्या मालिकेंतील कांहीं शब्द पुढील मालिकांनीं टाकून दिले आहेत. खिडकीचा क्रमांक सांगणारा 'पोर्ट' हा शब्द २००२ सालीं आलेल्या २.० पासून चालत नाहीं. तेव्हां जसें होतें तसेंच एकदां उभें करून पाहावें, असें ठरलें.

अपाचीची जन्मकथा मोठी मजेची आहे. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या एका संस्थेंत रॉब मॅक्कूल यानें एक सर्व्हर लिहिला होता. १९९४ सालीं तो तेथून निघून गेला व त्या सर्व्हरचें काम रेंगाळलें. ज्यांचें त्यावांचून अडत होतें, त्यांनीं आपापलीं ठिगळें एकमेकांस पाठविण्यास आरंभ केला, आणि १९९५ सालीं त्या ठिगळांतूनच हा नवा सर्व्हर उभा राहिला. आपल्या देशांत सर्वसामान्य लोकांस इंटरनेट खुलें झालें तेंहि त्याच वर्षीं, १५ ऑगस्ट रोजीं.

लिनक्सवर असा जुना सर्व्हर बसवावयाचा म्हणजे तो मूळ लिखाणापासून तयार करावा लागतो. गठ्ठा सोडावयाचा, 'कॉन्फिगर' ही आज्ञा द्यावयाची, मग 'मेक', मग 'मेक इन्स्टॉल'. पहिली आज्ञा यंत्रावर कोणतीं साधनें आहेत याची चौकशी करते, दुसरी सी भाषेंतील लिखाणाचें यंत्रास समजेल असें रूपांतर करते, व तिसरी तयार झालेले भाग जागच्या जागीं नेऊन ठेविते. आमचें काम दुसऱ्या आज्ञेवरच थांबलें. तक्रार 'गेटलाइन' या नांवाविषयीं होती. अपाचीच्या लेखकांनीं ओळ वाचण्यासाठीं या नांवाचा एक तुकडा स्वतः लिहिला होता. पुढें २००९ सालीं लिनक्सवरील सी भाषेच्या सामायिक संग्रहानेंहि त्याच नांवाचा आपला तुकडा सर्वांपुढें मांडला. एका वर्गांत एकाच नांवाचे दोन मुलगे असले म्हणजे हजेरीच्या वेळीं जो घोटाळा होतो, तोच येथें झाला. अपाचीच्या फायलींतून तें नांव आम्हीं बदलून टाकिलें, व गाडी पुढें सरकली.

मांडणीची फाईल हें साधें लिखाण असतें. एका ओळींत एक हुकूम. 'डॉक्युमेंटरूट' म्हणजे पानें कोणत्या कपाटांत आहेत, 'सर्व्हरनेम' म्हणजे दारावरील पाटी. 'युझर' या शब्दाशीं मात्र थोडें थांबावें. वेब सर्व्हरची खिडकी ८० क्रमांकाची, आणि १०२४ च्या खालील खिडक्या उघडण्याचा अधिकार लिनक्सवर फक्त 'रूट' या मुख्य चालकास असतो. म्हणून आरंभीं सर्व्हर त्या अधिकारानें खिडकी उघडतो. पण खिडकीशीं प्रत्यक्ष बसणारे सहाय्यक 'नोबडी', म्हणजे 'कोणी नव्हे', या नांवानें बसवितो. एखाद्या लबाड गिऱ्हाइकानें त्यांस फसविलें तरी तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्यापाशीं नसतात. ही युक्ति आम्हांस फार आवडली.

सर्व्हर सुरू करण्यापूर्वीं 'कॉन्फिगटेस्ट' ही आज्ञा देऊन व्याकरण तपासून घेतां येतें. आमचें व्याकरण शुद्ध ठरलें. अर्थ तपासण्याची सोय तींत नाहीं, हें मागाहून कळलें.

संगणकास अक्षरें ठाऊक नसतात, आंकडे ठाऊक असतात. सीडीवरील पानांत खरें म्हटलें तर मराठी नव्हतीच. रोमन अक्षरांचेच आंकडे लिहून त्यांवर देवनागरीचे ठसे, म्हणजे फाँट, चढविलेला होता. तो फाँट यंत्रावर असला तर मराठी दिसे, नसला तर निरर्थक रोमन अक्षरांची रास. युनिकोडानें देवनागरीस १९९१ सालीं स्वतःचे क्रमांक दिले, आणि तेहि १९८८ च्या इस्की या भारतीय क्रमास अनुसरून. परंतु ती पद्धत घरोघर रुळावयास बरींच वर्षें लागलीं. यूटीएफ-८ या तिच्या लेखनरीतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन आंकड्यांनीं लिहितात. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४.

आम्हीं सीडीवरील एक निबंध या नव्या रीतीनें पुन्हां लिहून काढला व जुन्या पानांशेजारीं ठेविला. जुनीं पानें फाँट बसवितांच सुरेख उमटलीं. नवें पान उघडलें, तों मराठीचा मागमूस नाहीं! माथ्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए दर तीन जागांनीं पुन्हां पुन्हां डोकावत होता. २२४ या आंकड्याचें तेंच रोमन रूप. फाईल तपासली, ती निर्दोष. 'हें पान यूटीएफ-८ आहे' अशी पाटीहि पानाच्या माथ्यावर होती.

दोष चिठ्ठींत होता. सर्व्हर प्रत्येक पानासोबत स्वतःची एक चिठ्ठी देतो, व पानांतील पाटी आणि ती चिठ्ठी यांचा मेळ नसेल तर ब्राउझर चिठ्ठीवर विश्वास ठेवितो. जुन्या मांडणींत 'अॅड डिफॉल्ट कॅरसेट' या हुकुमापुढें 'आयएसओ-८८५९-१' असें होतें. म्हणजे सारीं पानें पश्चिम युरोपच्या लिपींत आहेत, अशी सरसकट ग्वाही. आम्हीं तेथें यूटीएफ-८ लिहिलें. फरक पडेना. सर्व्हर मांडणी आरंभींच वाचतो, तो पुन्हां सुरू करावा लागतो, हें आठवण्यांत एक तास गेला. पुन्हां सुरू केल्यावर नवें पान उमटलें आणि जुनीं मोडलीं. अक्षरांच्या जागीं चौकटींतील प्रश्नचिन्हें आलीं. शेवटीं जुनीं पानें एका फोल्डरांत व नवीं दुसऱ्यांत ठेवून प्रत्येकास 'डिरेक्टरी' या खुणेखालीं त्याचा निराळा हुकूम लिहिला. एवढ्या दोन ओळींनीं दोन्ही पिढ्यांचें मराठी एका खिडकींतून दिसूं लागलें.

हा सर्व्हर बाहेरच्या जगास मात्र मुळींच दाखवूं नये. १.३ ची शेवटची आवृत्ति २०१० सालीं निघाली. त्यानंतर सांपडलेलीं भोंकें कोणी बुजविलेलीं नाहींत. आम्हीं 'लिसन' या ओळींत खोलीच्या आंतील पत्ताच दिला, आणि बाहेरची तारहि जोडली नाहीं. लोकांसाठीं पानें मांडावयाचीं असल्यास २०१२ पासूनची २.४ ही मालिका घ्यावी.

कांहीं पानें अजून मूक आहेत. त्यांचा फाँट निराळा असून तो सीडीवर नाहीं, आणि एका फाँटांत ज्या आंकड्याचा 'क' होतो त्याचा दुसऱ्यांत भलताच कांहीं होतो. आमच्यांतील एक विद्यार्थी 'नाशिक' व 'गोदावरी' हे शब्द जेथें असावेत असा तर्क आहे, तेथून सुरुवात करून आंकड्यांचें कोष्टक मांडीत आहे. साधीं अक्षरें बरींच जुळलीं. पण जोडाक्षरें तुकड्यातुकड्यांनीं जुळविलेलीं असल्यामुळें 'त्र्यंबकेश्वर' या शब्दापाशीं त्याचें घोडें तूर्त अडलें आहे.