उरलेल्या 98 टक्क्यांचं काय?

तीन वर्षांचा सरासरी निव्वळ नफा 10 कोटी रुपये असलेली एक कंपनी समजा. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार तिला वर्षाला 2 टक्के, म्हणजे 20 लाख रुपये, समाजकार्यावर (सीएसआर) खर्च करावे लागतात. हे बंधन सगळ्यांना नाही. नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांपैकी एक मर्यादा गाठली की ते लागू होतं. त्या 20 लाखांचा हिशेब कायदा काटेकोरपणे मागतो. 9 कोटी 80 लाख कसे मिळवले, हे मात्र हे कलम विचारत नाही. कामगारांचा पगार अडवून एखाद्या शाळेला बाकं दिली, तरी सीएसआरचा रकाना भरलेलाच दिसतो.

कलम 166(2) याहून पुढे जातं. संचालकांनी भागधारकांबरोबर कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचंही हित पाहावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पण ही हितं एकमेकांवर आदळली तर कुणाला झुकतं माप द्यायचं, यावर कलम गप्प आहे. ज्याला नफाही हवा आणि सामाजिक हेतूही, त्याची कोंडी इथेच होते. कलम 8 ची कंपनी काढली तर नफा करता येतो, पण लाभांश शून्य. साधी कंपनी काढली तर हेतू मालकाच्या मर्जीवर.

ब्रिटनने 2005 मध्ये मधली वाट काढली. तिथल्या कम्युनिटी इंटरेस्ट कंपनीला वाटपयोग्य नफ्यापैकी जास्तीत जास्त 35 टक्केच खासगी भागधारकांना लाभांश म्हणून देता येतात, आणि मालमत्ता समाजहितासाठी बांधलेली राहते. अमेरिकेत नफा आणि सामाजिक हेतू दोन्ही सांभाळणाऱ्या कंपनीचं वेगळं रूप मेरीलँडने 2010 मध्ये सुरू केलं. डेलावेअरने 2013 मध्ये कायदा केला, तेव्हा जुन्या कंपनीला हे रूप घ्यायला 90 टक्के मतं लागत. 2015 मध्ये ती अट दोन तृतीयांशावर आली, 2020 मध्ये साध्या बहुमतावर. दार रुंद झालं, पण आतले नियम तितके कडक झाले नाहीत. तिथे दोन वर्षांतून एकदा भागधारकांना अहवाल दिला की भागतं.

फ्रान्सने 2019 मध्ये अशा कंपन्यांसाठी त्रयस्थ तपासनीस सक्तीचा केला. तरी तिथल्या दानोन या खाद्यपदार्थ कंपनीचं उदाहरण विसरू नये. जून 2020 मध्ये 99 टक्क्यांहून अधिक मतांनी भागधारकांनी सामाजिक ध्येय कंपनीच्या नियमावलीत घातलं. नऊ महिन्यांनी, नफा घसरल्याच्या तक्रारीवरून गुंतवणूकदारांच्या दबावाखाली, त्या ध्येयाचे पुरस्कर्ते असलेले कंपनीचे प्रमुख इमॅन्युएल फाबेर यांना पद सोडावं लागलं. नाव बदलून सत्ता बदलत नाही. म्हणून मला ब्रिटनची 35 टक्क्यांची कठोर मर्यादा अधिक भरवशाची वाटते.

आपल्याकडे सेबीने 2022 मध्ये सोशल स्टॉक एक्स्चेंजचे नियम आणले. त्यात किमान 67 टक्के काम लक्ष्यगटासाठी असल्याचं दाखवावं लागतं. मात्र ही भांडवलाची सोय झाली, कंपनीचं वेगळं रूप नव्हे.

तसं रूप आपण एकदा घडवलेलं आहे. 2002 च्या दुरुस्तीने शेतकरी उत्पादक कंपनी आली: किमान 10 उत्पादक, एका सभासदाला एक मत, भांडवलावर मर्यादित परतावा. नाशिकजवळ मोहाडीची सह्याद्री फार्म्स याच चौकटीत उभी राहिली. शेतकऱ्यांसाठी जे जमलं, ते आरोग्य, शिक्षण आणि कचरा व्यवस्थापनातल्या उद्योगांसाठीही व्हायला हवं. कंपनी कायद्याच्या पुढच्या दुरुस्तीत लाभांशाची कमाल मर्यादा, मालमत्तेचं बंधन आणि दरवर्षी त्रयस्थ तपासणी, या तीन अटींसह संसदेने नवं प्रकरण घालावं.